अक्कलकोट रोडला किलोवर कातरण आणि सेकंड चादरी मिळतात ते दुकान: काय उचलायचं, काय तिथंच ठेवायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात, यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो तिथं, आतल्या एका गल्लीत पत्र्याचं शेड आहे. बोर्ड नाही, मॅपवर नाही, बाहेर मोठा वजनकाटा आणि दारापर्यंत आलेली गाठोडी दिसली की समजायचं हेच ते. इथं कापड किलोवर मिळतं, म्हणजे युनिफॉर्मच्या कारखान्यांतलं कातरण, टॉवेल आणि चादरींचा सेकंड (कारखान्यात दोष राहिलेला) माल, ठाणाचे उरलेले तुकडे, आणि मागच्या कोपऱ्यात मागावरचं जुनं भंगार. मी घरात मशीनवर शिवते, विकायला नाही, घरासाठीच, आणि आमच्या घरातल्या पिशव्या, पायपुसणी, उशांचे अभ्रे, वाकळीच्या (गोधडीच्या) आतलं भरण, पोरांच्या शाळेचं किडुकमिडुक हे सगळं गेली काही वर्षं इथल्याच मालावर चाललंय. त्यामुळं हे दुकान मला लई जवळचं आहे. पण डोळे झाकून जा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण इथनं पोतं भरून आणलेला आणि मग माळ्यावर तसाच पडलेला माल मी ओळखीच्या घरांत बघितलाय.

म्हणून भाव मी नंतर बघते. आधी बघते की ह्या तुकड्याचं काम माझ्या घरात संपेल का. सकाळी डबे, पोरांची शाळा, दुपारी सासूबाईंच्या औषधाची वेळ, संध्याकाळी ट्यूशनची ने-आण, ह्यातनं मला सलग अर्धा तास मिळाला तर मिळाला, आणि ज्या दिवशी नळाला पाणी सुटतं त्या दिवशी तेवढाही नाही. सोलापुरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको, काही दिवसांआड पाणी येतं आणि आलं की टाकी, पिंप, घागरी, धुणं सगळं त्याच तासा-दोन तासात उरकायचं असतं, तेव्हा मशीनकडं बघायला कुणाला फुरसत आहे. तर अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जे काम थांबवता येतं आणि परत धरता येतं तेच कापड मी उचलते. ज्याला एका बैठकीत शिवावं लागतं, ज्याचं माप परत परत घ्यावं लागतं, जे अर्धवट ठेवलं की उसवतं, ते कितीही सुंदर असू दे, तिथंच राहू दे.

दुकान नवरा-बायको चालवतात. घरात तेलुगू बोलतात, आपल्याशी मराठी, आणि अक्कलकोटकडनं आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नड. सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणतात. अण्णा काट्यावर असतात, अक्का खाली पोत्यावर बसून दिवसभर माल निवडतात, रंगाचे ढीग वेगळे, सुती वेगळं, टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं) वेगळं. कापडाची जाण अक्कांना जास्त आहे असं माझं मत झालंय. अंगठा आणि बोटात कापड चुरगाळून सोडतात आणि लगेच सांगतात, "हे सुती न्हवं ओ ताई, पायपुसण्याला नेऊ नका, पाणी पिणार नाही." गिऱ्हाईक गमवून खरं सांगणारं माणूस दुकानात बसलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ह्या एका कारणासाठी मी लांब असूनही इथंच जाते. भाव ढिगाप्रमाणं. मागच्या खेपेला कातरण ४० रुपये किलो होतं, टॉवेलचा सेकंड माल १५० आणि चादरीचे तुकडे १८०. घासाघीस अण्णांना आवडत नाही, पण वजन झाल्यावर वर एक मूठ टाकतात, ते न मागता.

आता चादरी, कारण खरी मजा तिथंच आहे. आपली सोलापुरी चादर, जिला आणि इथल्या टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, ती जॅकार्डवर, म्हणजे डिझाईन विणायचं यंत्र बसवलेल्या मागावर, विणली जाते, डिझाईन दोन्ही बाजूंना तेच पण रंग उलटे, म्हणजे ह्या बाजूला पिवळ्यावर मरून मोर तर पालटलं की मरूनवर पिवळा. विणताना उभा धागा तुटून लांब रेघ पडली, आडवा धागा नीट न बसल्यानं एखादा पट्टा विरळ झाला, काठ वाकडा गेला किंवा मागाच्या तेलाचा डाग पडला की ती चादर सेकंडला जाते. ह्यातले सगळे दोष सारखे नाहीत. तेलाचा डाग असलेली चादर मी आनंदानं घेते, डाग शक्यतो कापायच्या जागी टाकायचा, नाहीतर धुवायच्या आधी त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी झटकून भांड्याचा साबण चोळायचा, आणि डाग निघाल्याशिवाय इस्त्री अजिबात फिरवायची नाही, उष्णतेनं तो बसतो. लांब रेघ असेल तरी चालतं, तिथंच शिवण टाकली की रेघ दिसत नाही. पण विरळ पट्ट्याची चादर घेऊ नका. दारात उजेडाकडं धरून बघायचं, उजेड आरपार येणारी जागा सापडली की दोन्ही हातांनी दोन बाजूंना ताणायचं, धागे सरकले की ती चादर ठेवून द्यायची, कारण पिशवी केली तर बटाटे भरल्यावर ती बरोबर तिथंच फाटणार.

चादर कापताना सगळ्यांची एकच तक्रार असते की कडा सुटतात, धागे निघत राहतात, घरभर सूत. ह्याला उपाय आहे आणि तो अर्ध्या अर्ध्या तासाच्या कामात फार उपयोगी पडतो. कापायच्या आधी खडूनं रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंच सोडून मशीनवर सरळ टीप मारायची, आणि मग दोन टिपांच्या मधून कात्री चालवायची. असे तुकडे महिनाभर पिशवीत पडून राहिले तरी उसवत नाहीत. पोरांनी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, उठायचं आणि परत येऊन तिथनंच सुरू करायचं. सुई मात्र बदला. नेहमीच्या कापडाला १४ किंवा १६ नंबरची सुई पुरते, चादरीला १८ नंबर लागते, टाका मोठा ठेवायचा आणि जाड जोडाशी आलं की पायडल सोडून हातानं चाक फिरवायचं. माझी मशीन जुनी काळी, सेकंडहँड घेतलेली, आणि मला वाटतं असल्या कामाला तीच बरी, लोखंडी असल्यानं जाड कापडाला घाबरत नाही, महिन्यातनं एकदा तेल आणि शटलमधला कापूस साफ एवढंच मागते.

साधारण ६० बाय ९० इंचाच्या चादरीचा हिशेब सांगते म्हणजे कुणाला किती घ्यायचं कळेल. बाजाराच्या पिशवीला १६ बाय ३६ चा एक तुकडा लागतो, तळाला घडी येते म्हणून तळाची शिवण नाही, दोन बाजू शिवल्या आणि तोंड दुमडलं की पिशवी झाली. ६० इंचात असे तीन बसतात आणि ९० इंचात दोन, म्हणजे एका चादरीत सहा पिशव्या, वर १२ इंचाचा एक लांब पट्टा आणि १८ इंचाचा एक पट्टा उरतो. तीच सहा कापडं कापून ठेवली की एकेक पिशवी एकेका दुपारी होते. अस्तर लावायचं नाही, दोन्ही बाजू चांगल्या असतात म्हणून गरजच नाही, हा चादरीचा सगळ्यात मोठा फायदा. बंदांना चादरीचंच कापड चौपदरी दुमडू नका, ते इतकं जाड होतं की घरच्या मशीनची सुई मोडते. बंदांसाठी मी जुनी नवार वापरते. नवारीच्या खाटा आता कुणी ठेवत नाही, भंगारवाल्याकडं किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर नवारीची गुंडाळी हमखास निघते, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुतली की पिवळेपणा जातो आणि ओझ्याला ती वाटेल तेवढी टिकते. बंद पिशवीच्या तोंडापाशी नुसता टाचू नका, तीन-चार इंच खाली नेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून मंडईत कापडी पिशवी न्यायची सवय लागलीय ती लागलीच, पण बाजारात मिळणाऱ्या पातळ पिशव्यांचे बंद तुटतात, ह्यांचे नाही. माझे दीर कोजागिरीला चालत तुळजापूरला जातात, त्यांना ह्याच कापडाची खांद्यावरची झोळी करून दिली होती, आतून पाण्याच्या बाटलीला वेगळा कप्पा, ती आता त्यांच्याबरोबर चालणारे मित्र मागतात.

युनिफॉर्मचं कातरण. सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचे एवढे कारखाने आहेत की नेव्ही ब्लू, राखाडी, मरून, खाकी आणि चौकडा ह्यांचा इथं कधी तुटवडा नाही. लोक इथं सगळ्यात जास्त फसतात, कारण ढीग बघून वाटतं वा, एवढं कापड ४० रुपयांत, आणि घरी आल्यावर कळतं अर्धं कापड हाताच्या पंजाएवढंही नाही. पंजापेक्षा छोटा तुकडा मी शिवायला घेतच नाही, त्याची जोडाजोड करत बसणं हे रिकाम्या माणसाचं काम आहे आणि तसं माणूस आमच्या घरात कुणी नाही. मी शोधते त्या लांब पट्ट्या, पँटच्या कापणीत बाजूला निघणाऱ्या. आणि शोधते पोरांच्या शाळेचा नेमका रंग. हे कुणी सुचवलं नव्हतं पण लई कामाचं निघालं, पँट आखूड झाली की आतनं त्याच रंगाची पट्टी जोडून लांबी वाढवता येते, गुडघ्यावर फाटलं तर त्याच छटेचं ठिगळ आतून लावता येतं, लांबून कळत नाही. घरातनं जुनी पँट बरोबर घेऊन जा, उन्हात नेऊन रंग जुळवा, शेडच्या आत ट्यूबलाईटखाली नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात. नवीन कापड आणि धुऊन धुऊन फिकं झालेली पँट जुळत नाही, त्यासाठी पट्टी आधी दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवायची.

हे कातरण बहुतेक टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण. अक्का सांगतातच, पण गर्दी असली की त्यांनाही वेळ नसतो, तर घरी आल्यावर खात्री करून घ्या. कडेचे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरून गॅसवर जाळायचे, ओट्याच्या भांड्यावर धरून, पोरं जवळ नसताना. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. राख आणि त्यात कडक खडे असं दोन्ही निघालं तर मिश्रण. हे कळणं का गरजेचं आहे तर टेरिकॉटचं गरम भांडं पकडायचं कापड कधीही करू नये, तव्याला लागलं तर ते वितळून हाताला चिकटतं. उशीच्या भरणाला, चुंबळीला, खुर्चीच्या गादीला ते चालतं, चांगलं टिकतं, लवकर वाळतं. आमच्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरच्या गाद्या सगळ्या कातरणाच्या आहेत. आत भरताना तुकडे बारीक कापून भरायचे, मोठे भरले की गाठी होतात.

टॉवेलबद्दल थोडक्यात. सेकंड टॉवेलमध्ये बहुतेक वेळा एखादा फेरा ओढला गेलेला असतो किंवा रंगाचा पट्टा फिका असतो, बाकी माल फर्स्टसारखाच. ओढला गेलेला फेरा ओढून काढू नका, कात्रीनं पृष्ठभागापाशी कापा, टॉवेल उसवत नाही. पहिल्या धुण्याआधी तो पाणी नीट शोषत नाही, कारखान्यातनं मऊपणासाठी लावलेलं फिनिश असतं ते, दोन धुण्यांनंतर सुधारतो. ह्यातनं पायपुसणी, लहान बाळाची लाळेरी, स्वयंपाकघरातले हात पुसायचे नॅपकिन, आणि टॉवेलचे तीन पदर घालून भांडी उचलायची कापडं, ही सगळी अर्ध्या तासाची कामं. भांडी उचलायचं कापड ओलं असताना वापरू नका, ओल्या सुतातनं उष्णता पटकन हाताशी येते. माझ्या जाऊबाईंना बाळ झालं तेव्हा मी एका पिशवीत लाळेरी भरून दिली होती, गळ्याला बटण नाही, दोन बंद फक्त, धुऊन वाळवून अजून वापरात आहेत.

आता कोपऱ्यातलं भंगार. हा भाग बऱ्याच जणी बघतच नाहीत. सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या, कागदी कोन, क्वचित एखादा जुना धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), आणि जॅकार्डची पंच कार्डं, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या, लांबच्या लांब माळ. मागाला इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसलं की ही कार्डं भंगारात निघतात. मला ती बघितली की फार वाटतं, कारण आपल्या चादरीवरचा मोर खरा तिथं आहे. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, जिथं भोक तिथं उभा धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं खालीच राहतो, आणि अशी शेकडो कार्डं एकामागनं एक गेली की डिझाईन उमटतं. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला हे यंत्र पुढं आणलं, आणि पुढं कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात माहिती भरायला जी पंच कार्डं वापरली त्यांची कल्पना इथूनच पुढं गेली. माझ्या मुलानं शाळेच्या प्रकल्पाला एका माळेचे तुकडे लावून हे समजावून सांगितलं, आजोबा मागावर काम करायचे तेही सांगितलं, आणि सासूबाई ते ऐकायला पूर्ण वेळ समोर बसून होत्या. धाकटीला मी ह्याच कार्डांत लोकर ओवायला देते, भोकं आयती आहेत, सुई बोथट द्यायची, मी मशीनवर असते तेवढा वेळ ती शेजारी बसून ओवते. लाकडी कांड्यांना तेल आणि मळ असतो, टोकाला पत्र्याची कड असली तर ती बोचते. सोड्याच्या पाण्यात घासायच्या, कडक उन्हात दोन दिवस वाळवायच्या, पॉलिश पेपर मारायचा, मग त्यांवर दोरे, लेस, नाडी गुंडाळून ठेवता येते. माझा लेसचा सगळा पसारा आता कांड्यांवर आहे आणि ड्रॉवर उघडल्यावर हवं ते एका नजरेत सापडतं.

वाकळीचं सांगायला पाहिजे, कारण ते काम माझं नाही, सासूबाईंचं आहे. त्यांचं वय झालंय, डोळे आधीसारखे नाहीत, पण दाभण आणि जाड दोरा दिला की धावदोऱ्याचा टाका त्यांच्या हातनं आजही सरळ रेषेत पडतो. वर-खाली जुन्या सुती साड्या, नऊवारी असली तर उत्तम, आत इथनं आणलेले सुती तुकडे पसरून. आत टेरिकॉट घालायचं नाही ह्यावर त्या ठाम आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पॉलिस्टरची वाकळ अंगाखाली घेऊन झोपता येत नाही, घाम शोषतच नाही. दुसरं म्हणजे जाडी. जुन्या वाकळी पाच-सहा थरांच्या असत, त्या भिजल्या की दोघींनी पिळाव्या लागत, आणि पाणी काही दिवसांआड येत असताना तसलं जड धुणं कोण काढणार. आम्ही तीनच थर ठेवतो. पातळ वाटते पण बादलीभर पाण्यात धुऊन होते आणि एका दुपारच्या उन्हात वाळते. त्या रोज टीव्ही बघताना चार ओळी घालतात, पोरं शेजारी बसून दोरा ओवून देतात. वाकळ कधी पूर्ण होते ह्याची कुणालाच घाई नसते, आणि घाई नसलेलं एक काम घरात असावं असं मला मनापासून वाटतं.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगते कारण ह्यावर सगळीकडं चुकीचं सांगितलं जातं. मरून, लाल आणि गडद निळं कापड घरी आणलं की आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर ते वेगळं धुवायचं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्या आया सांगत आल्या, पण मीठ रंगवताना रंग कापडात शिरायला मदत करतं, एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग ते धरून ठेवत नाही. सुटा रंग धुऊन काढणं एवढाच उपाय आहे, रंग निघायचा थांबेपर्यंत. त्याला पाणी लागतं, आणि पाणी मोजून वापरणाऱ्या घरात हा खर्च भावात धरायला हवा, म्हणून रंग सोडणारं कापड मला कितीही स्वस्त दिलं तरी मी नको म्हणते. दुसरं, सगळं सुती कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन आकसवून घ्या, नाहीतर एकत्र शिवलेली दोन कापडं वेगवेगळी आकसतात आणि शिवणीला सुरकुत्या पडतात. माझ्याकडं कापड पाणी सुटायच्या दिवशी भिजतं, बाकीच्या दिवशी कापणं आणि शिवणं.

आता जे आवडत नाही ते. शेडमध्ये सुताचा कचरा हवेत असतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी जाऊच नये, बाकीच्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. लहान मुलांना नेऊ नका, कातरणाच्या ढिगात मोडकी सुई, टाचणी, कधी ब्लेडचा तुकडा निघतो, म्हणून मी हातमोजे घालून निवडते आणि घरी आल्यावर सगळं कापड लोहचुंबक फिरवून मगच पोरांच्या हाताशी येऊ देते. परत घेणं, बदलून देणं हा प्रकार नाही, काट्यावरनं उतरलं की तुमचं. पॅकबंद गाठोडं उघडू देत नाहीत, तसं गाठोडं मी कधीच घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, वर चांगलं आणि मधे चिंध्या असतात, हा सगळ्याच कातरणवाल्यांचा धंद्याचा भाग आहे. दुपारनंतर गेलात तर पायपुसणीवाले आणि गादीवाले घाऊकमधे चांगला माल उचलून गेलेले असतात, सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या तासात जायचं. गाडी गल्लीत लावायला जागा नाही, टेम्पो आला की सगळ्यांनाच मागं सरकावं लागतं. आणि वजनकाटा जुना आहे. अण्णा वजनाला चोख आहेत असा माझा अनुभव आहे, तरी नवीन माणसानं डिजिटल हातकाटा बरोबर ठेवला तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, अण्णाही घेत नाहीत.

पैशाचा हिशेब कुणी विचारला तर सरळ सांगते, नुसत्या पैशासाठी जायचं असेल तर बाजारातली तयार पायपुसणी काही फार महाग नाहीत, आणि दोरा, सुया, रिक्षा धरली तर फरक थोडाच उरतो. फरक टिकण्यात आहे. चादरीच्या कापडाची पिशवी आणि टॉवेलचं पायपुसणं वर्षानुवर्षं चालतं. दोरा मात्र स्वस्तातला घेऊ नका, हे दुकानात मिळणारे खुले रीळ जुने असतात, हातानं ताणलं तरी तुटतात. जाड कापडाला चांगला पॉलिस्टर दोरा नव्या रिळाचा घ्या.

कुणी जावं? ज्यांच्याकडं मशीन आहे, सरळ टीप येते, आणि एक गोष्ट संपल्याशिवाय दुसरं कापड आणायचं नाही एवढा निश्चय आहे, त्यांनी जरूर जावं. शिवणकाम नुकतंच शिकताय तर आधी टॉवेलपासून सुरुवात करा, चादर नंतर. कपडे शिवायचेत, ब्लाऊज, फ्रॉक असलं, तर हे दुकान तुमच्यासाठी नाही, सलग मापाचं कापड इथं नशिबानंच मिळतं. पाचपैकी चार स्टार देते, अक्कांसाठी अर्धा जास्त दिला असता पण धूळ आणि सुयांमुळं थांबले.

माल कधी चांगला असतो ते विचारून ठेवलंय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, युनिफॉर्मचं काम जोरात असतं तेव्हा कातरण भरपूर आणि ताजं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, गर्दीमुळं शहरातनं पलीकडं जायलाच वेळ लागतो, तेव्हा टाळते. पावसाळ्यात तर जाऊच नका, पत्रा गळतो, माल ओलसर होतो, कुबट वास बसतो आणि ओलं कापड काट्यावर जड भरतं. गेलाच तर ढिगाच्या मधला तुकडा काढून गालाला लावून बघा, गार लागला तर तो ढीग सोडा. घरनं दोन रिकामी पोती आणि सुतळी न्या, दुकानात पिशवी मिळत नाही, आणि सुटे पैसे असू द्या, फोनवरनं पैसे घेतात पण शेडमधे रेंज येत-जात असते.